झटपट जॅक घ्या, पण घोडी आधी घ्या

शिरवळपासून कराड ओलांडून पेठ नाक्यापर्यंत महामार्गाच्या दुतर्फा, आणि इकडे सांगली-मिरजेत, गॅरेज चालविणारे आपले अनेक बांधव आहेत. त्यांपैकी काहींनी ‘क्विक लिफ्ट’ ट्रॉली जॅक घेतले आहेत, काही घेण्याच्या विचारात आहेत. दुकानदार दांडा दोन-चार वेळा दाबून जॅक वर चढवून दाखवितो, गिऱ्हाईक खूश होते. वस्तू चांगलीच आहे. परंतु आपण पैसे कशाचे मोजतो, हे कारागिराने समजून घ्यावे असे आमचे मत आहे.

बंदिस्त तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. लहान पिस्टनपेक्षा मोठ्याचे क्षेत्रफळ १६ पट असेल तर जोर १६ पट मिळतो. पण मोठा १ सेंटिमीटर सरकायला लहानाला १६ सेंटिमीटर चालावे लागते. म्हणून साधा जॅक गाडीला टेकेपर्यंतच हात भरून येतो. झटपट जॅकमध्ये बहुधा दोन पंप असतात. ओझे नसताना दोन्ही मिळून भरपूर तेल ढकलतात. वरची वाटी गाडीला टेकून दाब वाढला की मोठ्या पंपाचे तेल व्हॉल्वमधून परत टाकीत जाते आणि लहान पंप एकटाच गाडी उचलतो. म्हणजे वाचतात त्या रिकाम्या फेऱ्या. ताकद वाढत नाही, आणि गाडी वर टिकून राहण्याचा भरवसा तर मुळीच वाढत नाही.

गाडी वर धरतात ते तेल, एक छर्रा आणि रबरी सील. छऱ्याखाली कचऱ्याचा कण अडकला की गाडी हळूहळू बसू लागते. सील फाटले तर हळूहळूही नाही. तेल कमी पडले म्हणून कोणी ब्रेक ऑइल ओततात; त्याने जॅकचे सील फुगून निकामी होते. जॅकचेच तेल घालावे.

जमिनीचाही विचार करावा. ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे जॅकला चाकांवर थोडे सरकावे लागते. मुरमात किंवा पावसाळी चिखलात चाके रुतली की वाटीवरून गाडी घसरते. निदान जॅक लावायच्या जागेपुरता तरी कोबा हवाच.

आम्हाला खटकते ते वेगळेच. जॅकसाठी हजारो रुपये निघतात, पण दोन घोड्यांसाठी निघत नाहीत. मालक म्हणतो, ‘दोन मिनिटांचे काम आहे,’ आणि काम शिकायला आलेला पोरगा नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरतो. त्याच्या घरच्यांनी त्याला आपल्या भरवशावर पाठविलेले असते. जमिनीवरच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत, गाडी उचलावी, दोन्ही बाजूंना घोड्या देऊन वजन त्यांच्यावर सोडावे, गाडी हलवून पाहावी, मगच खाली जावे. एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तर जुना जॅक चालू द्यावा आणि वजनाचा आकडा छापलेल्या घोड्यांची जोडी आणावी.