शाळू, ऊस, वेडी बाभूळ

सांगलीला समुद्र नाही, तरी खारजमीन आहे. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या रानांत उन्हाळ्याच्या तोंडाला वरंब्यांवर पांढरा थर येतो. ‘रानात मीठ फुटलंय,’ एवढंच शेतकरी सांगतो. शेजारच्या तुकड्यात लव्हाळा माजलेला, ओढ्याकडेला पाणकणीस, आणि नांगर सुटला तिथं वेडी बाभूळ. पाण्याचा हिशेब सरकारी दप्तरापेक्षा या झाडोऱ्यात जास्त खरा सापडतो.

ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात कराडजवळ खोडशीला बंधारा घालून कृष्णा कालवा काढला, तरी इथलं मुख्य रान शाळू, हरभरा, खपली गव्हाचंच राहिलं. पाणी मोटेचं, म्हणजे बैलाच्या दमाइतकं. स्वातंत्र्यानंतर कोयना धरण झालं, वसंतदादा पाटलांच्या पिढीनं सहकारी कारखाने उभारले, उपसा संस्थांचे पाइप नदीत उतरले आणि उसानं शिवार भरून गेलं. या उसानं घरं, शाळा, पोरांची शिक्षणं उभी केली. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, न्याय्य नाही.

पण खोल काळ्या चिकण मातीत पाणी खाली झिरपत नाही. भूजल वर चढतं, ऊन पाणी ओढून नेतं, क्षार मागे राहतात. कोकणातला पाऊस ते धुऊन काढेल. सांगलीच्या पावसात तेवढी धमक नाही. हरभरा आधी हटतो. ऊस मात्र चटकन मरत नाही, नुसता खुरटतो, कांडी आखूड पडते. शेतकरी खत वाढवतो, पाणीही वाढवतो. खरा घात या उशिरानं केला.

हे पूर्वीही घडलंय. दक्षिण इराकमध्ये इ. स. पू. ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळपास सारखेच पिकत. जमीन खारावत गेली तसा गहू मागे पडला, क्षार सोसणारा जव उरला आणि इ. स. पू. १७०० पर्यंत गहू जवळजवळ संपला. जेकबसन आणि अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली हे मांडलं. तितकं लांब कशाला जा? नीरा कालव्याखालची जमीन बिघडली होतीच. पुण्याजवळच्या खडकवासल्याची जलसंशोधन संस्था १९१६ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यापुढच्या कामांत कालव्याखालच्या जमिनींची खराबी हे एक होतं. म्हणजे सरकारला हे ठाऊक होऊन शतक उलटलं.

उपायही ठाऊक आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याच जमिनींवर काम चालतं. निचऱ्यासाठी मीटरभर खोल सच्छिद्र पाइप, जिथं माती चोपण तिथं जिप्सम, धैंच्याचं हिरवळीचं खत. अडचण बांधाची आहे. मी चर काढला आणि वरच्या रानवाल्यानं पाट मोकळा सोडला, तर माझा खर्च वाया. पाइपाचं तोंड ओढ्यात सोडायचं, तर ओढाच बुजवलेला. एकट्यादुकट्याच्या अनुदानानं हे सुटणार नाही, काम शिवारानं करायचं आहे.

म्हैसाळ, टेंभू उपसा योजनांचं पाणी आता कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडे चाललंय. त्या गावांनी पाण्यासाठी पिढ्या घालवल्या. त्यांना पाणी नको म्हणायला तोंड नाही. पण पाणीपट्टीतला निचऱ्याचा वाटा पहिल्या वर्षापासून वेगळा ठेवावा, ओढे आधी मोकळे करावेत, आणि कारखान्यांनी उसाच्या नोंदीबरोबर त्या रानाच्या क्षारांचीही नोंद घ्यावी.