विश्लेषण : मुलाची ‘मस्ती’, मुलीचा ‘उद्धटपणा’, राग एकच, मग न्याय दोन का?

मुलाने ठोसा मारला की ‘पोट्टा हाये, मस्ती करनच’ म्हणून मोठी माणसे सोडून देतात. मुलीने हात उगारला की ‘पोरीच्या जातीला शोभते का हे?’ असा दम मिळतो. वर्धा जिल्ह्यातील घराघरांत ही दोन वाक्ये नवी नाहीत. त्यातून मुले काय शिकतात?

संशोधन काय सांगते?

१९७६ मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री या अमेरिकी अभ्यासकांनी एका बाळाची चित्रफीत प्रौढांना दाखवली. डब्यातून अचानक बाहुले उसळते आणि बाळ रडू लागते. ‘हा मुलगा आहे’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांना रडण्यात राग दिसला. ‘ही मुलगी आहे’ असे सांगितलेल्यांना भीती. बाळ तेच होते. म्हणजे अनेकदा मोठी माणसे मुलाचे वागणे पाहत नाहीत, स्वतःची समजूत पाहतात.

नुकसान कोणाचे?

दोघांचेही. मुलाला कोणी अडवले नाही, तर दांडगाईने काम होते हे तो शिकतो. मुलीचा राग दाबला तर तो वाट बदलतो: अबोला, मैत्रिणींच्या गटातून वगळणे, अफवा पसरवणे. ही आक्रमकताच आहे, पण वळ उमटत नाहीत म्हणून शिक्षकांच्या नजरेतून सुटते. शिवाय राग ‘वाईट’ ठरलेली मुलगी स्वतःला त्रास झाला, तरी बोलायला कचरते.

हिंगणघाट का आठवावे?

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. या एका गुन्ह्याचे कारण कोणाच्या बालपणात शोधणे योग्य नाही. पण ‘नाही’ ऐकण्याची सवय मुलांना कधी लावायची, हा प्रश्न त्या चौकाने जिल्ह्यापुढे ठेवला. त्याचे उत्तर कोर्टात नाही, अंगणात आहे.

मग करायचे काय?

- आधी मारामारी थांबवा, मग दोघांचेही ऐका.
- ‘राग येऊ शकतो, मारायचे नाही’ हा नियम मुलगा-मुलगी दोघांना सारखाच लावा.
- ज्याने दुखावले, त्यानेच माफी मागून नुकसान भरून द्यावे.
- मारणाऱ्याला मारून शिकवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. घरानेही तोच नियम पाळावा.

ओरडण्याआधी किंवा हसून सोडण्याआधी एकच प्रश्न पुरे: हेच त्याच्या बहिणीने केले असते, तर आपण काय म्हटले असते?