हप्ता पुण्याचा, वावर नांदुऱ्याचं

‘मुलाचं पुण्यात स्वतःचं घर आहे का?’ हल्ली स्थळ आलं की हा प्रश्न पहिला. शिक्षण, स्वभाव, सगळं मागाहून. मुलीची आई म्हणून आपणच तो विचारतो बरं का! मुलाची आई झालो की मात्र तोच टोचतो. नांदुरा, मलकापूर, खामगावहून शिकून पुण्याला गेलेल्या मुलांचे आईवडील या एका प्रश्नापायी सातबारा काढून बसलेले दिसतात. मैत्रिणींनो, म्हणून म्हणते, एकदा वही घेऊन आपणच हिशेब मांडू या.

समजा, ७५ लाखांचा फ्लॅट आहे, बांधकाम चालू असलेला. बँक त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे ६० लाख. वरचे १५ लाख आपले. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणीचे ३० हजार, जीएसटीचे पावणेचार लाख. कर्जाशिवाय उभे करायचे झाले २४ लाखांच्या वर! साडेआठ टक्के व्याज धरलं तर २० वर्षं महिन्याला ५२ हजारांचा हप्ता. ६० लाखांचे सव्वा कोटी होतात.

हे २४ लाख येतात कुठून? वावरातून. आईच्या पाटल्यांमधून. आणि एका गोष्टीतून, जी कुणी मोठ्यानं बोलत नाही. वावर विकायचं तर बहिणींच्या सह्या लागतात. ‘भावाचं घर होतंय, तू काय आडवी येतेस?’ असं म्हटलं की पोरगी मुकाट्यानं हक्कसोडपत्रावर सही करते. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं. म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिचेही पैसे गेले. तिला तिथं दिवाळीला चार दिवस राहायला तरी बोलावतात का, हे ज्याचं त्यानं बघावं.

एवढं करून मिळतं काय? परवडतं ते घर गावाबाहेरचं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी तिथल्या सोसायट्यांच्या टँकरच्या बातम्या येतच असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्याला कंटाळून गेलेला माणूस तिथं पाणी विकत घेतो. जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर. हप्त्याला दोन पगार लागतात, म्हणून सून बाळंतपणानंतरही नोकरी सोडू शकत नाही, थोडी विश्रांती घेईन म्हणू शकत नाही. मग नातू सांभाळायला नांदुऱ्याची आजी नवव्या मजल्यावर जाऊन बसते. इकडे आजोबा एकटेच कुकर लावतात.

शहर वाईट, असं मला म्हणायचं नाही. इथं त्या पोरांना साजेशी कामं असती तर कोण गेलं असतं? तिथं मुलीला रात्री आठला ऑफिसातून घरी येता येतं, गल्ली खिडकीतून डोकावत नाही. हेही सुखच आहे, आणि आपल्या गावानं ते तिला दिलेलं नाही.

पण त्यासाठी मालकीचंच घर हवं, हे कुणी ठरवलं? पहिली काही वर्षं भाड्यानं राहा, ऑफिसजवळ राहा. अशा घराचं भाडं बहुधा हप्त्याच्या निम्म्याहून कमी असतं. भाडं वाया जातं म्हणतात. मग व्याजाचे ६५ लाख कुठे जातात? अकरा महिन्यांनी करार संपला की बिऱ्हाड हलवायची धास्ती असते, लेकरांच्या शाळेचा प्रश्न येतो, हे खरं आहे. तरी नोकरी गेली तर भाड्याचं घर सोडता येतं, हप्ता सोडता येत नाही. वावर मात्र विकलं की गेलं.

आणि घ्यायचंच ठरलं, तर फक्त बाईच्या नावावर घ्या. मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ७५ हजार वाचतात. एवढ्या पैशांचा फायदा असूनही बरीच घरं ‘ह्यांच्या’च नावावर का होतात, हे विचारून बघा. निदान दोघांचं नाव तरी लागू द्या.

येत्या लग्नसराईत मुलाकडचे आले, तर घर कुणाच्या नावावर, यासोबत आणखी एक विचारा: ‘बहिणीचा हिस्सा दिला का हो?’