सूक्ष्मसूचीचिकित्सा: एक खुलासा

संपादक महाशय,

गतांकातील पत्रलेखकांनी टाळूवर सुया टोचून केशगळती रोखण्याच्या उपचारास सरसकट भोंदूगिरी ठरविले, हा फैसला मला अन्यायाचा वाटतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, १०० पुरुषांपैकी एका गटास केवळ ५ टक्के मिनॉक्सिडिल हे टाळूस लावायचे औषध व दुसऱ्यास त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा १.५ मिलिमीटर सुयांचा डर्मारोलर असा उपचार दिला असता, १२ आठवड्यांअखेर ठरावीक जागेतील केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात सुमारे २२, तर दुसऱ्यात सुमारे ९१ भरली. सूक्ष्म जखमांनी व्रणरोपणाची क्रिया जागृत होते व तीतून स्रवणारे वृद्धिघटक केशमुळांस चेतना देतात, अशी त्यामागील उपपत्ती आहे. चाचणीचा अवधी अल्प होता, हे मान्य. परंतु तेवढ्यावरून ती बेदखल करता येत नाही.

पत्रलेखकांची काळजी रास्त आहे ती घरगुती प्रयोगांपुरती: निर्जंतुक न केलेला किंवा दुसऱ्याचा रोलर संसर्गास निमंत्रण देतो, आणि टोचल्याबरोबर लावलेले औषध रक्तात अधिक प्रमाणात उतरू शकते. म्हणूनच त्या चाचणीत टोचणीनंतर २४ तास मिनॉक्सिडिल वर्ज्य होते. ही खबरदारी विक्रेत्यांनी वेष्टनावर ठळकपणे छापलीच पाहिजे.

आपला,
एक वाचक