झडती घ्या, पण पंचनामा द्या



बेंदराच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीवर पोलीस आले. रात्रीचे दोन वाजलेले, बाहेर मुसळधार. कुठंतरी चोरी झालेली, आणि चोरी झाली की पहिलं दार फासेपारध्याचं. वॉरंट नाही, पंच नाही, बाईपोलीस नाही. म्हाताऱ्या चुलतीला अंथरुणातनं उठवून पावसात उभी केली. नाचण्याचं गाडगं पालथं केलं. चोरीचं काय गावलं न्हाई. जाताना पत्र्याची पेटी तेवढी उचलून नेली.

लोक म्हणाले, पेटीच गेली ना, मारलं तर न्हाई. पण त्या पेटीत फॉरेस्टनं चुलत्याला केलेल्या दंडाच्या पावत्या होत्या, १९७६ आणि ७७ सालच्या. सरकारचा २७ डिसेंबर १९७८ चा ठराव आहे की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायची. म्हणजे दंडाची पावती हाच आपला सातबारा. आता विचारायला गेलं की म्हणतात, "कसली पेटी?" पंचनामाच नाही, तर त्यांनी नेली हे दाखवायचं कशावरून? एका रात्रीत जमिनीचा पुरावा गेला.

वस्तीवर बारावी झालेला मी एकटाच, म्हणून कायदा वाचायची पाळी माझ्यावर आली. वॉरंटाशिवाय झडती घेताच येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तपासात उशीर होऊन वस्तू हातची जाईल असं वाटलं, तर फौजदारी कायदा पोलिसांना तशी सवलत देतो. पण आधी कारण लिहून काढायचं, काय शोधतोय तेही शक्य तेवढं लिहायचं, आणि त्याची नक्कल मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. घरमालकानं अर्ज केला की त्यालाही नक्कल फुकट मिळते. कायदा म्हणतो, त्या भागातले दोन पंच पाहिजेत, घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं, घेतलेल्या वस्तूंच्या यादीची सहीची प्रत त्याला द्यायची. बाईच्या अंगाची झडती बाईनंच घ्यायची. आणि नुसत्या संशयावरून पाळत ठेवायला रात्री घरी येणं तर सुप्रीम कोर्टानं १९६२ सालीच खरकसिंगच्या खटल्यात बेकायदा ठरवलंय.

आमची थोरली माणसं म्हणतात, लपवायला काय न्हाई तर घाबरायचं कशाला, उघड दार. त्यांचं मी समजू शकतो. १८७१ च्या कायद्यानं आपल्यासारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. त्यांची बाळपणं हजेरीत गेलेली. पण याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच हजेरी बंद केली होती. राजानं जे काढून टाकलं ते आपण स्वराज्यात खाली मान घालून का सोसायचं? लपवायला काही नाही हे खरं. पण राखायला आहे की!

पंधरा दिवसांनी परत गाडी आली. या वेळी बाया आधी उठल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही, पोरांना तशी ताकीदच होती. सगळ्या दारात बसल्या आणि चुलतीनं एवढंच विचारलं, "सायेब, कागद कुठाय? पंच कोण?" शेजारच्या वाडीतले दोघं पंच व्हायला तयार होऊन आलेले. साहेब बराच वेळ चिडले, नावं लिहून घेतली, धमकी दिली. मग झडती न घेताच गेले. उद्या नावं लिहिलेल्यांवर केस करतील, तेही होईल. त्याला सगळ्या वाड्यांनी मिळून उभं राहावं लागेल.

तोवर एक काम उशीर न करता करा. पावत्या, नोटिसा, जे असेल त्याच्या झेरॉक्स काढून एक संच दुसऱ्या वाडीत ठेवा. आमच्या पेटीसाठी वरच्या साहेबांकडं अर्ज दिला आहे. देतानाच दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. ती प्रत मात्र आता घरात ठेवलेली न्हाई.