‘जिन लेन’मधील आरोपी कोण?

विल्यम होगार्थ (१६९७-१७६४) या इंग्रज चित्रकाराचे ‘जिन लेन’ हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले चित्र फेब्रुवारी १७५१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. मद्यपानाच्या दुष्परिणामांचा विषय निघाला की आजही ते पुढे केले जाते. पायऱ्यांवर एक झिंगलेली स्त्री बसली आहे. तपकिरीची चिमूट घेण्यात ती दंग आहे आणि तिच्या हातून निसटलेले मूल कठड्याखाली कोसळत आहे. पाहणारा शहारतो, त्या मातेला दोष देतो आणि पान उलटतो. चित्राचा बोध एवढाच, हा समज अपुरा आहे. शिवाय तो चित्रकारावर अन्याय करणारा आहे.

होगार्थ चित्राला रंगभूमी आणि त्यातील माणसांना नट मानीत असे. मध्यभागीच्या पात्रावर नजर खिळवून बसणाऱ्यास नाटक कळत नाही. म्हणून दृष्टी डावीकडे वळवावी. तेथे एक सुतार आपला कोट आणि करवत सावकाराकडे गहाण टाकीत आहे. मागे एक गृहिणी स्वयंपाकाची भांडी घेऊन उभी आहे. करवत गेली म्हणजे उद्याची मजुरी गेली. भांडी गेली म्हणजे चूल विझली. सारी वस्ती ढासळत असताना भरभराट आहे ती सावकाराची, मद्याच्या भट्टीवाल्याची आणि शवपेट्या करणाऱ्याची! दूरवर ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चचा मनोरा दिसतो. त्याच्या शिखरावर पहिल्या जॉर्ज राजाचा पुतळा आहे. धर्म आणि राजसत्ता एकाच उंचीवर आहेत, पण गल्लीपासून दोन्ही दूर.

हा उपरोध निराधार नव्हता. १६९० च्या कायद्याने धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन दिले होते. जमीनदारांच्या धान्याला त्यामुळे हुकमी गिऱ्हाईक मिळाले. १७३६ मध्ये जबर कर बसविला, तेव्हा चोरटी विक्री फोफावली आणि १७४३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. अखेर १७५१ च्या कायद्याने भट्टीवाल्यांच्या किरकोळ विक्रीला पायबंद घातला. पुढे जिनचा खप उतरला. धान्य महागल्याचाही त्यात वाटा होता. पिणाऱ्यांना उपदेश करून जे साधले नाही, ते विकणाऱ्यांना आवर घातल्यावर काही अंशी साधले.

यावर कोणी म्हणेल की, याच चित्राच्या ‘बिअर स्ट्रीट’ या जोडचित्रात बिअर पिणारे धष्टपुष्ट व आनंदी दाखविले आहेत. तेव्हा पेय बदलले की दैन्य संपले, असेच होगार्थला म्हणायचे होते. हा उपाय भाबडा आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या सुखी रस्त्यावर सावकाराचे घर मात्र मोडकळीस आलेले आहे. गरिबाच्या नाशावर कोण जगतो, याचा विसर चित्रकाराला तेथेही पडलेला नाही.

या चित्राची किंमत एक शिलिंग होती. गल्लीतील गांजलेल्या माणसाला ती परवडणारी नव्हती. चित्र विकत घेऊन भिंतीवर लावणारा सुस्थित असणार. त्या मातेकडे बोट दाखविणे त्याला सोपे होते, आपल्यालाही सोपे आहे. होगार्थने मात्र सावकाराचे दुकान आणि चर्चचा मनोरा त्याच चौकटीत कोरून ठेवला आहे. पाहणाऱ्याने तेथपर्यंत नजर नेली नाही, तर तो दोष चित्राचा नव्हे.