विश्लेषण : रोममधील चर्च पाहायला तिकीट का?

रोमच्या पँथिऑनमध्ये जाण्यासाठी जुलै 2023 पासून पर्यटकांना 5 युरोंचे तिकीट लागू झाले. मूळचे हे रोमन मंदिर इ.स. 609 पासून चर्च आहे. मग प्रार्थनास्थळी पैसे का घ्यायचे?

पैसे जातात कुठे?

तिकिटाच्या रकमेतील 70 टक्के वाटा इटलीच्या संस्कृती मंत्रालयाचा, 30 टक्के रोमच्या धर्मप्रांताचा. शहरातील रहिवासी आणि मिस्सासाठी येणारे भाविक यांना तिकीट नाही. सुमारे 1,900 वर्षांच्या या वास्तूच्या घुमटाला मधोमध जवळपास 9 मीटरचे उघडे छिद्र आहे. पाऊस थेट आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. अशा वास्तूची देखभाल महागडीच असणार. त्यात पर्यटकाने वाटा उचलणे रास्तच.

मात्र सगळीकडे हाच नियम नको. तिकीट आले की भाविक कोण आणि पर्यटक कोण, हे दारावरचा रखवालदार ठरवू लागतो. जवळच्याच सॅन लुईजी देई फ्रांचेझीमध्ये कॅराव्हॅजिओची संत मॅथ्यूवरील तीन चित्रे फुकट पाहता येतात. दिव्यासाठी पेटीत नाणे टाकायचे, इतकेच.

सॅन क्लेमेंतेची व्यवस्था सर्वांत समंजस. वरचे बाराव्या शतकातले चर्च सर्वांना खुले. त्याखालचे चौथ्या शतकातले चर्च आणि आणखी खालचे मिथ्र देवतेचे स्थान पाहायचे तर तिकीट. एका दिवसात रोम उरकणाऱ्या सहली इथे सहसा फिरकत नाहीत. जायचे असेल तर खांदे झाकलेले हवेत आणि वेळ सकाळची गाठावी, कारण रोममधली अनेक चर्च दुपारी बंद असतात.